बेचाळीस पावलं, मग डावीकडे

मेंदूचा झटका येऊन दोन महिने झाले, तरी मंग देशान आपल्या बायकोला 'ताई' म्हणत होता. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी बाईला म्हणावं तसं, अगदी अदबीनं. "ताई, जरा पाणी मिळेल का?" युन्श्या पाणी द्यायची. चाळीस वर्षं ज्याच्या तोंडून 'चुनमेईची आई' एवढंच ऐकलं, त्याच्याकडून ही ताई ऐकताना आधी तिला रडू यायचं. पुढे तेही आटलं. सूतगिरणीत तीस वर्षं तुटलेले धागे जोडणारी बाई ती. तुटलं म्हणून रडत बसली असती, तर यंत्र थांबलं असतं.

तिचं खरं दुःख वेगळंच होतं. देशानच्या गावच्या दफनाच्या शेतातून नवा रस्ता जाणार होता. गावसमितीने सांगून ठेवलं होतं : छिंगमिंगच्या आत, म्हणजे पितरांची थडगी झाडायचा सण यायच्या आत, ज्याने त्याने आपली थडगी दाखवावीत. हाडं टेकडीवरच्या नव्या जागेत हलवू. जी कुणी दाखवणार नाही, ती रस्त्याखाली जातील.

देशानच्या आईच्या थडग्यावर दगड नव्हता. ती गेली तेव्हा घरात खायला दाणा नव्हता, दगड कुठून येणार? सोळा वर्षांच्या देशानने निळ्या काठाचा तिचा वाडगा उशाला ठेवून तिला पुरलं. पुढे ट्रॅक्टर फिरला आणि उंचवटाही सपाट झाला. जागा त्याला एकट्याला ठाऊक. सुना-मुलींनी थडग्यावर जायचं नाही ही त्या गावची रीत, आणि पदरी एकुलती एक मुलगी. दरवर्षी युन्श्या जाळून अर्पायच्या कागदी नोटा आणि उकडलेली अंडी त्याच्या हाती द्यायची आणि वेशीवरूनच मागे फिरायची.

म्हणून ती रोज त्याला तालुक्याच्या चिनी औषधांच्या इस्पितळात घेऊन यायची. डॉक्टर शन बाई त्याच्या टाळूवर, कपाळावर, कानामागे, मनगटांत बारीक सुया टोचायच्या. अर्धा तास तो तसाच बसायचा.

"मंगभाऊ, साळिंदर झालंय तुझं!" शेजारच्या खाटेवरचा तोंड वाकडं झालेला म्हातारा म्हणायचा.

"आणि तुझं? कोंब फुटलेला बटाटा!" देशानचं उत्तर तयार.

"जीभ शाबूत आहे हो," युन्श्या म्हणायची. "नाव तेवढं माझंच हरवलंय."

दर सोमवारी डॉक्टर विचारायच्या, "मंगकाका, शंभरातून सात काढत चला."

"त्र्याण्णव."

"मग?"

"मग जेवायची वेळ."

युन्श्याने एकदा धीर करून विचारलं, "आठवेल का हो त्यांना?"

"सुई म्हणजे दारावरची थाप, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "दार उघडेलच असा शब्द मी देत नाही. गोळ्या चुकवू नका आणि रोज चालवा."

पण युन्श्याला धीर कुठला! सणाला पंधरा दिवस उरले, तेव्हा ती त्याला गावच्या शेतात घेऊन गेली. "म्हाताऱ्या, नीट बघ. आई कुठे आहे?" त्याने एका जागेकडे बोट दाखवलं. तिने रीत मोडली. खुणेची काठी रोवून लाल चिंधी बांधली, कागद जाळले, गुडघे टेकून मनसोक्त रडली. तेवढ्यात फावडं घेऊन एक गृहस्थ आला.

"काकू, माफ करा, पण तुम्ही आमच्या आजोबांना सासू केलंत!"

आजूबाजूचे हसले. युन्श्या शरमेनं चूर झाली. येताना बसमध्ये तिने त्याला एक शब्द विचारला नाही. पुढेही कधी विचारलं नाही. नुसती त्याला चालवत राहिली.

विचारणं थांबलं, म्हणूनच तिला दिसलं. सुया काढल्या की देशान इस्पितळाच्या ओसरीच्या टोकाला, गरम पाण्याच्या पिंपापाशी जायचा. तिथून निघायचा तो ओठ हलवत. बेचाळीस पावलं टाकून डावीकडे वळायचा, आणखी बारा पावलांवर भिंत लागली की थांबायचा आणि टोपी काढायचा. तिला वाटायचं, वाट चुकतोय बिचारा. एके दिवशी तिने टोपीकडे पाहिलं आणि तिला उमगलं. टोपी हा माणूस आपल्या हाताने एकाच ठिकाणी काढायचा, आईच्या थडग्यापुढे; पूर्वी तोच तसं सांगायचा.

"हे आधीपासून करायचे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. गेल्या तीन आठवड्यांत सुरू झालं."

"सुयांनी, की चालण्यानं, की आपसूक, मला सांगता यायचं नाही, मावशी. पण घेऊन जा त्यांना."

छिंगमिंगच्या आदल्या सकाळी शेतातल्या जुन्या विहिरीपाशी तिने त्याला उभं केलं. पाण्यापासून निघायचं, एवढंच तिला कळलं होतं. मागे फावडी घेऊन दोन मजूर. देशान चालू लागला, उजवा पाय ओढत. बेचाळीसला थांबला. तो आपल्या पायाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"ताई, पाय आखडलाय," तो म्हणाला. "पाऊल लहान पडतंय. अजून जायला हवं."

त्र्याण्णवच्या पुढे न जाणारा माणूस हिशेब करत होता. तो आणखी चालला. डावीकडे वळला, पुन्हा जरा पुढे गेला, थांबला आणि त्याने टोपी काढली.

मजुरांनी कमरेएवढं खणलं. मग एकाने फावडं ठेवलं आणि हातांनी माती सारली. निळा काठ दिसला.

देशान गुडघ्यांवर बसला. "आई," तो म्हणाला, "ही ताई रोज माझ्याबरोबर चालते. फार भली बाई आहे."

चाळीस वर्षांत सासूपुढे कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. नाव आजही निघालं नाहीच. युन्श्या त्याच्या शेजारी बसली आणि तिने तीनदा जमिनीला कपाळ टेकलं. उठताना त्याने तिला हात दिला, आणि टोपी पुन्हा घालायची कशी, ते त्याला आठवेना, तेव्हा तिने ती त्याच्या डोक्यावर घातली.