लेकीच्या प्लॉटवर मेंढरं

आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी जमीन नव्हती. पण किती जमिनीवर झोपलो याचा हिशोब कुणी मांडला, तर आमच्याएवढा जमीनदार अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. आम्ही मेंढरंवाले. गाव वालूरच्या अंगाला, घर म्हणायला दोन खणांचं, आणि वर्षातले कित्येक महिने त्याला कुलूप. रब्बीची ज्वारी निघून रानं मोकळी झाली की आम्ही कळप घेऊन निघायचो, ते मृगाच्या तोंडावर माघारी यायचो. माझं लहानपण असं दुसऱ्यांच्या रानात गेलं.

ह्या फिरण्यात भीक नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. कारण शहरातल्या बायकांना मी हे सांगायला लागले की त्यांच्या डोळ्यांत कीव दाटून येते आणि माझं डोकं फिरतं. शेतकरी आम्हाला बोलावून न्यायचे. मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर कळप त्यांच्या शेतात ठेवायचा. भोवती सुतळीची जाळी लावायची, तिला आम्ही वाघर म्हणतो. सकाळी वाघर उचलायची आणि संध्याकाळी शेजारच्या तुकड्यात लावायची. असं करत सगळं रान बसवून झालं की शेतकरी ज्वारी द्यायचा, कुणी वर तूरडाळ घालायचा. मेंढरं बसलेलं रान पावसाळ्यात लांबूनच ओळखू यायचं, पिकाचा रंगच वेगळा असायचा.

परभणीहून जिंतूरकडे निघालं की शहर संपलं असं तेव्हा जिथं वाटायचं, त्याच्या जरा पुढं एका शेतकऱ्याचं रान होतं. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला मामी. होळी झाली की मामाचा निरोप यायचाच. पहिल्या संध्याकाळी मामी बांधावर यायची, पुढच्या मेंढीला हळदकुंकू लावायची आणि मगच कळप आत घ्यायची. मग आमच्यासाठी आणलेल्या भाकरी सोडायची. भाकरीबरोबर हमखास कांदा आणि तिखटजाळ ठेचा असायचा, आणि तो खाऊन आम्ही पोरं रडलो की मामा हसायचा.

मामाच्या सातबाऱ्यावर मामाचं एकट्याचं नाव होतं. पण ज्वारी काढल्यावर त्या रानात सरवा, म्हणजे मागं पडून राहिलेली कणसं, वेचायला गावातल्या म्हाताऱ्या बाया यायच्या. बांधावरचं गवत एक जण कापून न्यायचा, तो बिनजमिनीचा होता आणि त्याची म्हैस त्या गवतावर होती. बाभळीच्या शेंगा शेळ्यावाल्यांच्या. उन्हाळ्यात रान आमचं. यातलं काहीच कुठं लिहिलेलं नव्हतं आणि लिहायला पाहिजे असं कुणाला वाटतही नव्हतं. जमिनीचा मालक एक असायचा, तिच्यावर जगणारी घरं पाचसहा असायची.

मामा वारला आणि शहर त्याच्या बांधाला येऊन टेकलं. पोरांनी रान विकलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. चारी बाजूंनी प्लॉट पडल्यावर मधल्या रानात कापूस लावून बसायचं तर रोज कुणाची तरी गाय नाहीतर कुणाचा तरी कचरा बाहेर काढायचा. मामीची सही झाली, लेकींच्या सह्या झाल्या. सरवा वेचणाऱ्या बायांना कुणी विचारलं नाही, गवतवाल्याला नाही आणि आम्हालाही नाही. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, आपल्याला विचारायला हवं होतं असं वाटलंसुद्धा नाही. मला राग येतो तो ह्याच गोष्टीचा.

त्या साली निरोप आला नाही. आबांना वाटलं, मामा गेला, निरोप कोण धाडणार. आपणच जाऊ म्हणून ते कळप घेऊन आले. बघतात तर रानात मुरमाचे रस्ते, जागोजागी चुना फासलेले दगड आणि रस्त्याच्या तोंडाला एक कमान. आबा बराच वेळ कमानीखाली उभे राहिले. मग त्यांनी मेंढरं सडकेच्या कडेला बसवली. पुढच्या सालापासून त्या बाजूला येणंच सोडलं.

मधल्या काळात माझं लग्न झालं. नवरा परभणीत ट्रॅक्टरच्या गॅरेजात मेकॅनिक, मी घरी ब्लाऊज शिवते. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून बेजार झाल्यावर आम्ही गुंठाभर जागा बघायला लागलो, आणि फिरत फिरत कुठं आलो म्हणता? मामाच्या रानात. प्लॉट माझ्या नावावर झाला. बाईच्या नावावर घेतलं की सरकारी खर्च जरा कमी लागतो म्हणून केला, नवऱ्याचं प्रेम वगैरे फार मनावर घेऊ नये. पण सही करायच्या आधी मी कागदावरचं माझं नाव दोनदा वाचलं. माझ्या आईच्या आईपासून आमच्यातल्या कुठल्या बाईच्या नावावर पायाएवढी माती नव्हती.

पेढे घेऊन गावी गेले. आबांनी पेढा हातातच धरला.

“मामाच्या रानात?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी कुठल्या अंगाला ते विचारलं, मी ओढ्याच्या अंगाला म्हणाले. मग पायाभरणी कधी ते विचारलं. अक्षय्य तृतीया धरली होती, ते सांगितलं. आबांनी पेढा खाल्ला आणि ते मेंढरांकडे निघून गेले. मला वाटलं, त्यांना फारसा आनंद झालेला दिसत नाही. मी परतीच्या एसटीत रुसून बसले.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं प्लॉटवर होतो. मिस्त्रीनं चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा आखल्या होत्या. ऊन उतरायच्या वेळी जिंतूर रोडवर गाड्यांचे हॉर्न एकदम वाढले, आणि त्या गाड्यांच्या मधून आमचा कळप येताना दिसला. पुढं आबा, डोक्याला धुतलेला पटका. मागं आई, सामान लादलेल्या तट्टाचा कासरा धरून. वालूरच्या बाजूनं एवढ्या उन्हात चालत आले होते. माझा नवरा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मला काही माहीत नाही, असं मी मानेनंच सांगितलं.

“आबा, हे काय?” मी विचारलं.

“मेंढरं बसवायला आणलीत,” आबा म्हणाले. “घरात पैल्यांदा लेकीला रान झालं. दुसरं काय देऊ मी तुला?”

आता ह्या माणसाला काय सांगायचं? इथं काही पेरायचं नाही, ह्या मातीवर उद्या सिमेंट पडणार आहे, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. अख्खं आयुष्य सडकेनं चाललेला माणूस, घरं कशी बांधतात ते त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. पण लेकीची जमीन खताशिवाय सोडायची हे त्यांच्या जिवाला पटत नव्हतं. मी नवऱ्याला म्हणाले, एक रात्र बसू दे. त्यानं मोटारसायकल बाजूला घेतली.

गुंठाभर जागेत कळप मावणार कसा? आबांनी वाघर सोडली ती आमचा प्लॉट आणि आजूबाजूचे मोकळे प्लॉट धरून. मधले चुन्याचे दगड त्यांच्या लेखी नुसते दगड होते. एका दगडाला त्यांनी जाळीची दोरी बांधली, तेवढाच काय तो त्याचा उपयोग.

दिवे लागायच्या सुमाराला माणसं जमली. समोरच्या बांधून झालेल्या घरातले एक रिटायर्ड गृहस्थ आले, दोघेतिघे मोटारसायकलवरून आले. आमच्या प्लॉटवर लेंड्या पडायला लागल्यात, वास सुटलाय, हे इथं चालणार नाही, असं सगळे एकदम बोलायला लागले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले आणि हसून, अगदी मोठ्या मनानं म्हणाले,

“साहेब, तुमी घोर करू नका. मी खताचं कायबी घ्यायलो न्हाई. तुमी लेकीचे शेजारी.”

कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. आबांना वाटलं होतं, न बोलावता मेंढरं बसवली, आता हा ज्वारी मागणार, म्हणून माणसं कुरकुर करायलीत. खत नको असलेली जमीन असते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हती. ते रिटायर्ड गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांना ती थट्टा वाटली. आमच्या दारात घाण करायची आणि वर उपकार सांगायचे, असं म्हणून ते भडकले.

मी जात्याच भांडखोर. तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही इथं यायच्या आधीपासून आमची मेंढरं इथं बसतात, तुमच्या कुंड्यांतल्या गुलाबाला जे खत तुम्ही पिशवीतून विकत आणता ते दुसरं काय असतं, असं बरंच काही. नवरा मध्ये पडून सकाळी सगळं झाडून देतो म्हणून विनवत होता. आबांनी माझ्या दंडाला धरलं.

“गप, माय,” ते म्हणाले. “तुला हितं ऱ्हायचंय.”

मी मागं सरले. आबांना आता सगळं समजलं होतं.

उजाडता उजाडता आबा आणि आई खराटे घेऊन दुसऱ्यांचे प्लॉट झाडत होते. मीही पदर खोचून लागले. शेतात गेलेलं खत आबांनी कधी माघारी काढलेलं मी पाहिलं नव्हतं. बाया मेंढीला कुंकू लावून जे रानात घ्यायच्या, ते आम्ही घमेल्यात भरून उचलत होतो. आबा दगडांच्या कडेची लेंडीसुद्धा हातानं वेचत होते. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. समोरच्या घरात मी उद्या साखर मागायला जाणार होते.

सगळं खत आमच्या प्लॉटवर आणून टाकलं. मिस्त्री आला आणि म्हणाला, हे पायात नको, वाळवी लागते. मग ते मागच्या अंगाला सारलं. मी नवऱ्याला बजावलं की मागची हातभर पट्टी फरशीशिवाय राहील. त्या पट्टीवर मी वांगी-मिरच्या लावते. त्या समोरच्या घरातल्या काकू ब्लाऊज टाकायला आल्या की वांगी बघून, काय घालता हो, असं विचारतात. मी खरं सांगते. त्या हसतात, त्यांना वाटतं मी अजून रागावलेली आहे.

त्यानंतर आबांच्या अंगात बळ राहिलं नाही, आणि फिरायला रानंही राहिली नाहीत. जिथं म्हणून जुन्या ओळखी होत्या, तिथं तारेचं कुंपण नाहीतर कमान. आठवडी बाजारात त्यांनी मेंढरं विकली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. रिकामं बसवेना, तेव्हा समोरच्या त्याच रिटायर्ड गृहस्थांनी प्लॉटवाल्यांच्या वतीनं त्यांना कमानीपाशी राखणीला ठेवलं. नवीन झाडं लावली होती, मोकाट जनावरं आणि शेळ्यामेंढ्या आत येऊ द्यायच्या नाहीत, एवढंच काम. मी कडाडून भांडले. मेंढरं हाकलायचं काम तुम्ही करणार का, असं सरळ तोंडावर विचारलं. आबा म्हणाले, दुसरा ठेवला तर तो दगड मारंल.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी त्यांना चहा घेऊन कमानीकडे निघाले होते. जिंतूरच्या बाजूनं एक मेंढरंवाला येऊन थांबला होता. पोक्त माणूस, सोबत बायको, मागं सडकेच्या कडेनं कळप. ह्या रस्त्याला तो नवीन असावा. अजून बरेच प्लॉट मोकळे आहेत, त्यांत गवत वाळून उभं असतं. ते बघून त्यानं आबांना विचारलं,

“पाव्हणं, हे रान कुणाचं हाय? मेंढरं बसवायची का?”

आबा खुर्चीवरून उठले. कळपाकडे बघितलं, मग मागं वळून आमच्या घराकडे. मी कडुलिंबाच्या आडोशाला होते, त्यांना दिसले नसेन.

“माझ्या लेकीचं हाय,” आबा म्हणाले.

त्या माणसाचा चेहरा खुलला. बायकोनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

“पण हितं बसवता येत न्हाई,” आबा म्हणाले.

तिनं गाठोडं परत उचललं. आबा सडकेवर उतरले, दोन्ही हात पसरून त्यांनी गाड्या थांबवल्या, आणि शेवटचं कोकरू पलीकडे जाईपर्यंत तसेच उभे राहिले.