विन्याचा मंगळवार

फोन मास्ट्रिख्टहून आला. विन्याचा मुलगा, आदित्य. त्याला मराठी कळतं, पण बोलतो इंग्रजीतच. त्या दिवशी मात्र तो "काका..." म्हणाला आणि पुढचंही मोडक्या मराठीतच सांगत राहिला. विनायक, आमचा विन्या, नीउ-व्हेनेपच्या घरी झोपेतच गेला होता. त्याला आता दोनेक महिने होतील.

आम्ही दोघं पुण्याहून इथे हॉलंडला एकाच कंपनीत आलो. त्याची बायको नंदा गेली तेव्हापासून तो एकटा होता. मी तर पहिल्यापासूनच एकटा. दोघांनाही मंगळवारी सुट्टी. डोक्याला तपकिरी कानटोपी घालून तो सायकल मारत थेट हार्लेमला माझ्या दारात यायचा. या देशात सख्खा भाऊसुद्धा आधी वेळ ठरवून येतो. मी एकदा म्हटलं, "अरे, निदान फोन तरी करत जा." तर म्हणे, "अपॉइंटमेंट घ्यायला तू काय दातांचा डॉक्टर आहेस? पिठलं टाक." आणि पिठल्यात मीठ कमी आहे हे ऐकवल्याशिवाय त्याचं जेवण कधी संपलं नाही. असला खवचट!

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात पुणं शिरलं. पेन्शन लवकर सुरू करायची, जन्मभर थोडी कमी मिळाली तरी चालेल, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं. मी "जा बाबा" म्हटलं, पण वरवरच. आता इथला नियम असा, की माणसाने पैशाला हात लावण्याआधी पेन्शन फंडाने त्याला सगळं नीट समजावून द्यायचं. नुसतं पत्रक धाडून मोकळं व्हायचं नाही. विन्या भडकला. "पैसे माझ्या पगारातून कापले, आणि आता मलाच शिकवणी?" जोडीदाराला किंवा विश्वासातल्या कुणाला बरोबर आणा, असंही त्यांनी कळवलं होतं. "चल सद्या," तो म्हणाला, "माझा जोडीदार हो."

फंडाच्या ऑफिसातली मुलगी तरुण होती, शांत बोलणारी. आधीच म्हणाली, "काय करा ते मी सांगणार नाही, फक्त प्रश्न विचारीन." लवकर घेतली तर काय, थांबलात तर काय, सगळं दाखवलं. विन्या फडाफडा उत्तरं देत होता. मग तिने विचारलं, "तुम्ही पुण्यात गेलात असं धरू. तिथला तुमचा मंगळवार कसा असेल?" वाराचं नाव तिने सहजच घेतलं असणार. विन्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मंगळवारी मी याच्याकडे जेवतो."

"पुण्यात?"

विन्याने समोरचा आकड्यांचा कागद उलटा करून ठेवला. पुढच्या भेटीसाठी तिने मंगळवार सुचवला तेव्हा ताडकन म्हणाला, "मंगळवार नाही जमायचा. कधीच."

बाहेर सायकलचं कुलूप काढताना म्हणाला, "राहू दे रे. पेन्शनचं वय होईपर्यंत थांबतो. पुण्यात मला आता अरे-तुरे करणारं कोण उरलंय?" मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि हा शहाणा थांबला तो थांबला, पेन्शनचा एक सेंटही न घेता निघून गेला. मला त्याचा राग येतो. बावळटा, गेला असतास तर वर्षभर तरी कोथरूडच्या गॅलरीत चहा प्यायला असतास... त्या पोरीचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. तो राहिला तो माझ्यासाठी, आणि आता मला सद्या म्हणणारं इथे कुणी नाही.

कानटोपी आदित्यने मला दिली. मंगळवारी मी पिठलं टाकत नाही. बाहेर सायकलची घंटी वाजली की अजून उठतो, तेवढंच.

गेल्या आठवड्यात फंडाकडे जायची माझी पाळी आली. कुणाला तरी बरोबर आणा, असं मलाही कळवलं होतं. मी एकटाच गेलो. थंडी होती, म्हणून विन्याची कानटोपी घातली होती. तीच मुलगी समोर. तिने मला ओळखलं. बोलणं झालं, आणि पुढची वेळ ठरवताना कॅलेंडर चाळत हसून म्हणाली, "मंगळवार सोडून बघते, हो ना? तुमचे मित्र जेवायला येतात."

"चालेल मंगळवार," मी म्हणालो. "आता कुठलाही चालेल."

ती हसायची थांबली. मी कानटोपी चढवली, चांगली भुवयांपर्यंत खाली ओढली, आणि बाहेर पडलो...