केबल, कुंकू आणि सही

‘मी चुकीचं सांगितलं आणि कुणाची आयुष्यभराची पुंजी गेली तर?’ या एका विचाराने तीन महिने माझी झोप उडवली होती.

क्रिप्टो, म्हणजे डिजिटल पैसे, ठेवायचं पेनड्राइव्हएवढं वॉलेट असतं; लोक त्याला मशीन म्हणतात. पैसे पाठवताना त्याची बटणं दाबून सही करायची. ती अडली की लोक आमच्या कंपनीला फोन लावतात, आणि नागपुरात आमच्या डायनिंग टेबलावर तो मी उचलते. तीन महिने ट्रायल. मी पक्की होणार, ही खात्री मला सोडून सगळ्यांना होती. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साचायला लागले.

खापरखेड्याचे एक काका. “ताई, कॉम्प्युटरले मशीन दिसूनच नाही राहिली. सही कशी करू?”

दोन दिवस मी सेटिंग्ज तपासल्या. तिसऱ्या दिवशी भीतभीत विचारलं, “केबल कुठली लावलीय?”

“टॉर्चची.”

तिच्यातून फक्त चार्जिंग होतं! “अहो, डब्यातली लावा ना.”

“ते नवी आहे. जपून ठेवली.”

मौद्याच्या एक वहिनी. सहीला दोन्ही बटणं एकदम दाबायची, आणि त्यांचं उजवं दबेना.

“दसऱ्यापर्यंत चांगली होती मशीन.”

“दसऱ्याला काय केलं?”

“पूजा. गाडीची केली, मंग इची काहून नाही करायची?”

बटणाच्या फटीत कुंकू! कोरड्या टूथब्रशने निघालं. सही झाली. त्यांनी देवाचे आभार मानले, मी ब्रशचे.

मग बुटीबोरीचे एक कारखानदार, भयंकर घाईत. पैसे ज्या वॉलेटला जातात त्याचा पत्ता म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ; सहीआधी ती मशीनवर ताडून बघायची. “पत्त्याचे पहिले चार अक्षरं बरोबर, शेवटचे चार बरोबर. दाबू का?”

“नाही. मशीनवरचं मधलं वाचा.”

“काहून अडवून राहिल्या मॅडम?”

मी तेच पुन्हा म्हटलं. “मधलं वाचा.”

मधलं वेगळंच निघालं. कॉम्प्युटरमधला व्हायरस खऱ्याच्या जागी तसाच दिसणारा चोराचा पत्ता टाकत होता. त्यांनी व्यवहार रद्द केला. मग, “मॅडम, पगार वाढवून मागा.”

कॉल रेकॉर्ड होतात. कंपनीतल्या आमच्या सरांनी तो ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी लेटर आलं. परमनंट! मी स्क्रोल करत थेट तळाशी, सहीच्या चौकोनापाशी पोचले.

टेबलाखाली चित्र रंगवत बसलेली माझी पाच वर्षांची मिनू म्हणाली, “आई, मधलं वाच.”

वाचलं. कायमची रात्रपाळी. मिनूला झोपवणार कोण? मी, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही, तिने सरांना फोन लावला. दहा मिनिटांत लेटर बदलून आलं. दिवसपाळी. मधलं पुन्हा दोनदा वाचलं आणि माऊसवर बोट ठेवून उगाच थांबले.

मिनू टेबलाखालून बाहेर आली. “दाब आता. दोन्ही बटणं एकदम.”