जावेनं शिवलेलं पुस्तक

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. सदरा असो की पडदा, तिच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. चर्चमागच्या खोलीत आम्ही म्हातारेकोतारे रविवारी एका धर्मपंडिताचं जुनं पुस्तक वाचतो. एक परिच्छेद सगळ्यांच्या गळी उतरल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. या वेगानं पुस्तकाआधी आम्हीच संपू, असं मी म्हणते, फादर हसतात. पुस्तक उसवलं तेव्हा जावेनंच ते नव्यानं शिवलं. पानांचे कोपरे कसरीनं खाल्लेले, आकडे गायब.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, नुकताच गेला होता. फरशा बसवायचा. चर्चची फरशीही त्यानंच बसवली, तेव्हा टेकला तेवढाच गुडघा. प्रार्थनेला म्हणून कधी आला नाही. जावेला एकच घोर, देव त्याला जवळ करील का?

एका रविवारी फादर नव्हते आणि नेमकं वाक्य आलं: जो जिवंतपणी देवाकडे वळला नाही, त्याच्यासाठी देवाजवळ मागून उपयोग नाही. जाऊ उठली, चपला घातल्या, गेली ती पुन्हा फिरकलीच नाही. मी तिच्या घरी गेले तर शिलाई मशीनवर चादर टाकलेली.

"ताई, छापलंय ना तसं? मग मी काय मागत बसू?"

पुढे एकदा पान उलटलं तर पहिलीच ओळ, 'या आक्षेपाचं उत्तर असं.' कसला आक्षेप? वर तर भलतंच चाललेलं. फादर डोकं खाजवायला लागले. उत्तरातलं 'वळला नाही' मला ओळखीचं वाटलं. मागं चाळलं, तर तेच वाक्य! ते लिहिणाऱ्याचं मत नव्हतंच. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग ते खोडायचं, अशी त्याची रीत. शिवताना पानांचा मधला गठ्ठा भलत्या जागी गेलेला.

पुस्तक काखोटीला मारून मी तिच्या दारात.

"अगं बाई, उत्तर तूच लांब नेऊन शिवलंस!"

तिनं ओळीखाली बोट ठेवून वाचलं. शेवटच्या श्वासाला माणूस कुठं वळला हे आपल्याला दिसत नाही, म्हणून कुणाचीही आशा सोडू नये, मागत राहावं. पुन्हा वाचलं.

"तो तरला, असं नाही म्हणत."

"नाही म्हणत."

"पण मागू नको, असंही नाही."

"मुळीच नाही."

तिनं डोळे पुसले, मला शेजारी बसवलं आणि हात जोडले.

"देवा, तोंडानं फटकळ होता तो. तिथं आल्यावर पहिल्याच दिवशी तुला काही बोलला असेल, तर तेवढं सांभाळून घे."