दिवसाला एकच फोटो

आमच्या व्याह्यांइतका मऊ आवाजात हट्ट करणारा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात मिळणार नाही. हे मी उगाच म्हणत नाही. सायकलच्या कॅरिअरला चादरींचे गठ्ठे बांधून मंद्रूपच्या बाजारात ओरडण्यापासून मी सुरुवात केली. आज माझं स्वतःचं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे आणि एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक, कारखानदार, ट्रान्सपोर्टवाला, लग्नातला आचारी, सगळ्यांना मी भावात वाकवलेलं आहे. वाकले नाहीत ते एकटे आमचे व्याही. बरं, भांडले असते तर मजा तरी आली असती. मी तापलो की ते पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि म्हणतात, "पाव्हणं, घ्या. ऊन लई हाय." मग माणसानं पुढे बोलायचं काय?

त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या मुलाला दिलेली. दोघं पुण्यात नोकरीला, पदरात तान्ही मुलगी. व्याही शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून निवृत्त झालेले, विहीणबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते एकटेच. "अप्पा, आता पुण्याला चला," असा सुनेनं धोशा लावला, तेव्हा त्यांनी एक वर्षाची मुदत मागून घेतली. सूनही माझ्याच घरात शोभेल अशी. तिनं अट घातली, की वर्षभर रोज एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे तुम्ही बरे आहात ते कळेल. आता या अटीचा अर्थ कुठल्याही शहाण्या माणसाला समजेल. सकाळी उठावं, स्वतःच्या तोंडाचा फोटो काढावा, टाकावा, मोकळं व्हावं. आमच्या व्याह्यांनी पहिल्याच दिवशी निळ्या पिंपांचा फोटो टाकला. गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस होता, दारादारांतून पिंपं बाहेर आली होती, आणि खाली यांनी लिहिलं होतं, "आज पाणी आले." बस्स.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. इस्त्रीवाल्याची विझलेली इस्त्री. रिक्षाच्या टपावर झोपलेलं मांजर. खानावळीतली कडक भाकरींची चळत. गड्ड्याच्या जत्रेला सगळं शहर लोटलं, त्या दिवशी यांनी ओस पडलेल्या आपल्या गल्लीचा फोटो काढला. मी म्हटलं, "अहो, आज तरी जत्रेचा काढायचा!" तर म्हणाले, "जत्रेचा सगळेच काढत्यात की. साध्या मंगळवारचा कोण काढतो?" आणि दिवसाला एकच. दुसरा काढायचा नाही, काढलेला पुसायचा नाही, कालचा आज टाकायचा नाही. शाळेच्या हजेरीपटावर जन्म काढलेला माणूस. तारखेच्या बाबतीत त्यांच्याकडे दयामाया नव्हती.

पण एकच काढायचा म्हटल्यावर तो कशाचा काढायचा, यानं त्यांचा जीव दिवसभर टांगणीला. सकाळी चांगलं काही दिसलं तरी काढायचे नाहीत. दुपारी त्याहून चांगलं दिसलं तर काय करायचं? चहा घेता घेता उठायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, खुर्चीत टेकायचे, पुन्हा उठायचे. दहा दुकानं हिंडून पहिल्याच दुकानात परत येणारं गिऱ्हाईक मला ओळखता येतं. हे तसलेच, फक्त यांचा माल जागेवर थांबायचा नाही. एकदा सकाळी सिमेंटच्या पोत्यांवर ऐटीत उभी असलेली शेळी त्यांना आवडली होती. संध्याकाळी मला स्कूटर काढायला लावून तिकडे नेलं. शेळी नव्हती, पोतीही नव्हती. मग अंधार पडायच्या आत काहीतरी मिळावं म्हणून हा गृहस्थ माझ्या मागे बसून भर रहदारीत "पाव्हणं, थांबा! न्हाई, न्हाई, चला," असं ओरडत राहिला. शेवटी त्यांनी काढला तो माझ्या स्कूटरच्या आरशाचा. आरशात मी नव्हतो. आभाळ होतं.

एकदा भर दुपारी मी एका बड्या गिऱ्हाइकाला लग्नाच्या आहेराच्या टॉवेलांवर आणून टेकवलं होतं, फक्त मान हलायची बाकी होती, आणि सुनेचा फोन. "मामा, अप्पांनी उंबऱ्यात पडलेल्या एकाच चपलेचा फोटो टाकलाय आणि फोन उचलत नाहीत. पटकन जाऊन या ना!" गिऱ्हाईक तसंच सोडून गेलो. रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि माझ्या डोक्यात नाही नाही ते. दार ढकललं तर व्याही जमिनीवर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खात होते.

"या की. जेवता का?"

"फोन कुठाय तुमचा?"

"चार्जिंगला. का हो?"

"अन् ती चप्पल?"

"चांभारानं अंगठा काय सुरेख शिवलाय, बघितलं का?"

मी जो सुटलो तो शेजारच्या दोन बायका खिडकीत आल्या. "माणसाचा जीव घेता का? तोंडाचा फोटो टाका की हो एकदा!" त्यांनी तांब्या पुढे केला. "तोंड तिला माहीत हाय की, पाव्हणं."

आता माझंही एक दुखणं आहे, ते इथे सांगतोच. मी मुलाचा बाप. मान कुणाचा पहिला, हे काय मी सांगायला पाहिजे? पण मुलाचा एकदा फोन आला, "बाबा, तुम्हाला कापडातलं कळतं. अप्पांच्या खोलीला पडदे कुठल्या कापडाचे घ्यावेत?" अप्पांच्या खोलीला! पुण्याच्या फ्लॅटमधली ती दुसरी खोली सासऱ्यासाठी ठेवलेली, आणि भाव सांगायला बाप. आम्ही नवरा-बायको काही दुकान टाकून जाणार नव्हतो. पण माणसानं विचारावं तरी! मी जाड कापड सांगितलं, धुवायला जड जाईल असं.

त्यातून वर्षभरात यांनी माझा एकही फोटो काढला नव्हता. इस्त्रीवाल्याची इस्त्री सगळ्या नातेवाईकांनी पाहिली, मी नाही दिसलो. नातीचा पहिला वाढदिवस आमच्या घरी केला. मी नवा सदरा घालून, नातीला कडेवर घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "घ्या."

"आजचा झाला की."

"कशाचा?"

"दळणाच्या डब्याचा."

मी राग गिळला आणि धंद्यावर आलो. "असं करा, उद्याचा आज घ्या. उद्या सुट्टी."

"उद्याचं आज कसं दिसंल?"

"बरं, डब्याचा ठेवा, हा वर घ्या. वर्षाला एक ज्यादा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

नात रडायला लागली, बायकोनं मला आत ओढून नेलं, आणि केक मी कापला की नातीनं, हेही मला आठवत नाही.

वर्ष संपलं. मुलगा आणि सून गाडी घेऊन आले. व्याह्यांच्या घरी चहा झाला, ते आत सामान बघायला गेले आणि मी सुनेसमोर खुर्ची ओढून बसलो. माझ्या आयुष्यात मी इतका जीव तोडून कुठलाच सौदा केलेला नाही.

"अजून एक वर्ष," मी म्हटलं.

"एक दिवस पण नाही, मामा."

"सहा महिने."

"रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे त्यांना?"

"कोण आहे म्हणजे? वर्षभर हिकडं कोण मरत होतं? तुझ्या फोनवर दुकान टाकून कोण पळत होतं?" आवाज चढला होता. मुलगा "बाबा, बाबा" करायला लागला, तसा मी त्याच्यावर फिरलो, "तू गप रे! तू पडदे बघ!" मी उठून दारापर्यंत गेलो. हा माझा नेहमीचा डाव. दारापर्यंत गेलेल्याला लोक परत बोलावतात. सुनेनं बोलावलं नाही. तिला माझे डाव पाठ आहेत. मी आपणहून परत येऊन बसलो आणि म्हटलं, "दिवाळीपर्यंत तरी, पोरी. मी रोज जाईन. सकाळ-संध्याकाळ."

तिनं चहाचे रिकामे कप एकात एक ठेवले. मग म्हणाली, "बरं. दिवाळीपर्यंत."

जिंकलो! मी आत हाक मारली, "पाव्हणं, पिशव्या सोडा!" ते बाहेर आले ते बॅग हातात घेऊनच.

"मी निघतो, पाव्हणं."

"अहो, सौदा झाला!"

"ऐकलं मी. लई केलंत माझ्यासाठी." त्यांनी बॅग खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "काल जावयांनी सांगितलं. माझा फोटो येईस्तवर पोरगी ऑफिसात डबा उघडत न्हाई म्हणं. मी हितं चांगलं काय घावतं म्हणून सांजंपर्यंत हिंडायचो, अन् ती तिकडं उपाशी."

सून खिडकीतून बाहेर बघत होती. यावर भाव करता येत नाही.

गाडीत बसताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "बंद ठेवलं की घर खराब होतं. चांगला भाडेकरू बघा. तुमच्यासारखं भाडं कुणाला ठरवता येतंय?"

तेव्हापासून मी भाडेकरू बघतो आहे. लोक येतात, खोल्या बघतात, त्यांना घर आवडतं. मी भाडं सांगतो आणि ते माझ्या तोंडाकडे बघतात. एक बँकेतला मुलगा बायकोला घेऊन तीनदा येऊन गेला. दर वेळी मी थोडं वाढवून सांगितलं. एजंट लोक आता माझं नाव ऐकलं की हसतात. हा माणूस लोभानं पागल झाला, असं बाजारात बोलतात. बोलू देत. मी अधूनमधून जाऊन दारं-खिडक्या उघडतो, झाडून घेतो, जरा वेळ बसतो, मग बसवत नाही म्हणून कुलूप लावून निघतो.

रविवारी व्याह्यांचा फोन येतो. परवाही आला होता.

"मिळालं का कुणी?"

"कुटलं हो. भाड्याचा बाजार लई पडलाय."

पलीकडून पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"असू द्या," ते म्हणाले. "घाई करू नका."

"मला कसली घाई?" मी म्हटलं.