सावलीतला पेव

दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी घरावर दोन मजले चढवले आणि धुळ्यातल्या आमच्या अंगणातलं ऊन गेलं. आधी गुलाब गेले, मग मोगरा फुलायचा थांबला. वडील वारल्यापासून आई आमच्याकडेच राहत होती. त्या उंच वाढवलेल्या भिंतीवरून तिचं आणि शेजारच्या बाईंचं एकदा चांगलंच वाजलं. तेव्हापासून बोलणं बंद.

त्याच पावसाळ्यात आई माहेरी गेली. तिचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. येताना तिनं आलं दिसतं तसा एक गड्डा ओल्या फडक्यात बांधून आणला. नाल्याकाठच्या झाडीत वाढणाऱ्या पेवाचा.

"येले सावलीच लागस," असं म्हणून तिनं तो भिंतीच्या बुडाशी, कोपऱ्यात लावला.

झाड कमरेएवढं झालं. फूल मात्र आलं नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली, दांडे वाळले आणि जमिनीवर काहीच उरलं नाही. उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं अंगणात फरशी घालायचं काढलं. गवंडी माप घ्यायला आला, तेव्हा आई त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली.

"ते मरेल नही शे, निजेल शे," ती म्हणाली.

ते मेलं नसून नुसतं झोपलंय याची मला खात्री नव्हती. तरी तेवढा कोपरा सोडून फरशी घातली.

आषाढात चार कोंब आले. श्रावण संपेपर्यंत दांडे आईच्या डोक्यावर गेले. पानं दांड्याभोवती गोल फिरत वर चढलेली, आणि शेंड्याच्या लाल बोंडातून पांढरी फुलं, हातात चुरगळलेल्या तलम कापडासारखी.

शेजारच्या बाईंना ती वरच्या खिडकीतून दिसली असणार. एके सकाळी त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कुठलं झाड आहे हो हे?"

 आईनं खुरपं आणलं, कडेचा एक कोंब गड्ड्यासकट काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो गच्चीवर कुंडीत लावला. आठवड्याभरात पानं करपली. त्या पुन्हा आल्या, जरा ओशाळून.

"अक्का, तुमनाकडं ऊन जास्त शे," आई म्हणाली. "फुलं देखाले आठेच येत जा."

त्या फुलं पाहायला आमच्याकडे येऊ लागल्या. भिंतीचा विषय दोघींनीही काढला नाही. मी चहा ठेवून शाळेत शिकवायला निघून जायचे, त्यामुळे त्या काय बोलत ते मला ठाऊक नाही. भाद्रपद संपून फुलं सरली, तरी त्यांचं येणं चालूच राहिलं.