दाजींना पगार कसा द्यायचा?

नोकरी जायच्या आदल्या आठवड्यात मालकांनी मला समोर बसवून चहा पाजला. टॉवेलच्या कारखान्यात, माल पाठवायच्या खात्यात मी अर्धं आयुष्य काढलं होतं. मालक म्हणाले, "तुम्ही तर आमच्या घरच्यासारखे." माणूस घरच्यासारखा झाला की त्याच्याशी हिशेबाचं बोलायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्यात खात्याला कुलूप लागलं आणि मी घरी बसलो.

बसलो म्हणायचं एवढंच. बसू कुणी दिलं? "तुमी रिकामेच हाय की," असं म्हणून शेजारी गॅसच्या नंबराला मला उभं करायचे. बायकोच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना दवाखान्यात मीच न्यायचं, भाचीचा दाखला मीच आणायचा. रिकामा या शब्दाचा मला इतका राग यायला लागला, की माठ रिकामा आहे असं कुणी म्हटलं तरी मी खेकसायचो.

मला छंद एकच, अक्षराचा. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचो, कारखान्याच्या गेटवरचा फळाही माझ्याच हातचा. नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला मला बोलावणं यायचं. आता दिवसभर वेळ होता, तर मी जुन्या वर्तमानपत्रांवर अक्षरं गिरवत बसायचो. बायकोनं दोन-चार दिवस बघितलं आणि म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." दुसऱ्या दिवशी ती तडक माहेरी गेली.

तिच्या थोरल्या भावाचं भांड्यांचं दुकान आहे. आपल्याकडं भेट दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव लागतंच, नाहीतर दिल्यासारखं वाटत नाही. त्याच्या दुकानात नावं घालणारा माणूस सोडून गेला होता. मेहुणा स्वतः मला न्यायला आला. "दाजी, या की. घरचंच दुकान हाय. तुमचाबी येळ जाईल." पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागलो.

काम सोपं नव्हतं. हातातलं मशीन घर्रर करत थरथरतं. स्टीलवर सुई घसरते, पितळेत रुतते. कागदावर चुकलं तर खोडता येतं, भांड्यावर चुकलं की ते भांडं नातवंडांपर्यंत चूक मिरवतं. पहिले काही दिवस माझी वेलांटी म्हातारीच्या पाठीसारखी वाकायची. मग हात बसला. बायका पातेलं उलटंसुलटं करून बघायच्या आणि म्हणायच्या, "छापल्यासारखं आलंय की!" नावं ठेवणारे पुष्कळ भेटले होते, नावं घालायचा आनंद मला पहिल्यांदाच मिळत होता. मी पुन्हा कामाला लागलो होतो. निदान मला तसं वाटत होतं.

दुकानातल्या पोरांना दर शनिवारी पगार मिळायचा, माझ्या डोळ्यांदेखत. मला मिळायचा चहा, तोही बशीसकट. महिना भरला तेव्हा मेहुण्यानं शर्टाचं कापड दिलं. पुढं आंब्याची पेटी पाठवली. मग वैरागहून आलेली ज्वारी. शेवटी मी तोंड उघडलं आणि पगाराचं विचारलं. त्यानं दोन्ही कान धरले. "दाजींना पगार कसा द्यायचा? आमाला पाप लागंल की!"

घरी आलो तर बायको माझ्यावरच उलटली. "माझ्या भावाकडं तुमी पगार मागितला? तो नोकर ठेवतो, दाजी ठेवत न्हाय." मी म्हटलं, "मग लाइटबिल भरायला आंब्याची पेटी घेऊन जाऊ का?" ती म्हणाली, "हळू बोला, पोरगी अभ्यास करतीय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारा वर पाया पडत होता, हे विशेष. नोकर असतो तर भांडलो असतो. मानाच्या माणसानं भांडायचं तरी कुणाशी?

ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी हा अधिक महिना येतो आणि त्यात जावयाला देवासारखं पुजतात. जेवायला पुरणाचे धोंडे, वर तूप, नवे कपडे, आणि पितळेच्या नाहीतर चांदीच्या ताटात दिवा लावून दान. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मोहोळपासून कुंभारीपर्यंतचे सासू-सासरे येत होते आणि मी त्यांच्या जावयांची नावं घालत होतो. मान मोडून आली, बोटं बधिर झाली. घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

त्या गर्दीतच मेहुण्यानं एक जाडजूड पितळी ताट माझ्यापुढं ठेवलं. "दाजी, याच्यावर तुमचंच नाव घाला. आईनं तुमच्यासाठी काढाय लावलंय. तुमच्यासारखं अक्षर हाय कुणाचं?" मग खाली वाकून, डोळा मिचकावून म्हणाला, "पगार पगार म्हणत हुता न्हवं? बघा, कसलं वजनदार हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्याच घामाचं ताट, त्यावर नाव माझं, ते घालायचं मीच, आणि देणारा तो! ताट त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण समोर गिऱ्हाईक होतं आणि मशीन हातात चालूच होतं. मी ताट जवळ ओढलं. आयुष्यात इतकं सुरेख अक्षर मी कधी काढलं नसेल. ताट कागदात गुंडाळून मी त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. उघडून बघायला त्याला सवड नव्हती.

रविवारी मेहुण्याकडं जेवण होतं. सासूबाईंनी माझे पाय धुतले, धोंडे वाढले, तुपाची धार सोडली. मग कागद सोडून ताट पुढं आणलं. सासूबाईंना अक्षरांची मोठी हौस. "वाच की गं," त्या लेकीला म्हणाल्या, "माजा चष्मा न्हाय हितं."

बायकोनं माहेरच्या तोऱ्यात मोठ्यानं वाचायला घेतलं, "पाडव्यापासूनच्या पगाराऐवजी..." आणि ती माझ्याकडं बघायला लागली.

"म्होरं?"

"सप्रेम भेट."

सासूबाईंनी लेकाकडं बघितलं. "कसला पगार? तू तर म्हनलास, पावनं येऊन बसत्यात, येळ जातोय त्यांचा."

"घरचंच काम हाय की, आई," मेहुणा म्हणाला.

मी म्हटलं, "दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत मान खाली घालून नावं घालतो मी. पोरांना शनिवारी देता तसं मलाही द्या. मान नको, पगार द्या."

सासूबाईंचे डोळे भरले. आता तरी न्याय होईल असं मला वाटलं. त्या लेकावर ओरडल्या, "माज्या जावयाला नोकर केलास? उद्यापास्नं पावन्यांनी दुकानाची पायरी चढायची न्हाय!" मेहुण्यानं सुटल्यासारखी मान हलवली. पगाराचं पुढं कुणी बोललंच नाही. मानापायी माझी दुसरी नोकरीही गेली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा, नाहीतर ताटातला धोंडा घशात अडकला म्हणा. मी हात धुतला आणि उठलो.

रिक्षात बायको ताट मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या स्फोटाची वाट बघत होतो. चार उत्तरं तयार ठेवली होती, सगळी झणझणीत. घर जवळ आलं. पदरानं ताटावरचं तूप पुसत ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

रिक्षातून उतरताना म्हणाली, "दादाच्या दुकानाच्या गल्लीत अजून भांड्यांची दुकानं हायत की. आपल्या नात्यातला न्हाय असा दुकानदार बघा. आन् बसायच्या आधी पगार ठरवा."